चौथ्या दाराचा निरोप

४ तारीख, सोमवार
आज रुजू झाले! जागा झकास. बाहेर मोठं शीतगृह, पण माझी खोली ऊबदार, खुर्चीसुद्धा गरगर फिरणारी. काम निरोपांचा सर्व्हर सांभाळायचं. प्रत्येक शीतखोलीच्या दाराचा सर्व्हरवर एक फलक. दार अडकलं किंवा आत अडकलेल्याने तिथल्या स्क्रीनवर काही लिहिलं, की बातमी फलकावर एकदाच पडते. ज्यांनी तो फलक सबस्क्राइब केलाय त्या सगळ्यांना सर्व्हर ती तत्काळ फोनवर पोचवतो. कुणी सारखं विचारत बसायला नको. सबस्क्राइब केलं नसेल, तर मात्र दार कितीही बोंबललं तरी तुम्हांला पत्ता लागत नाही.

५, मंगळवार
चौथ्या दाराला ग्राहक, म्हणजे सबस्क्राइब केलेलं, कुणीच नाही, म्हणून मीच झाले. नव्या ग्राहकाला फलकावरचा शेवटचा निरोप आपोआप मिळतो, तसा मिळाला: मी आत अडकलेय, दार उघडा. धावत गेले, खोली रिकामी. वॉचमनकाका म्हणाले, तुमच्या आधीची मुलगी त्यातच गोठून गेली, भर दुपारी. ते दार ऊठसूट खोटी सूचना द्यायचं, त्या कटकटीला वैतागून सुपरवायझरने आणि खुद्द काकांनी सबस्क्रिप्शन काढून टाकलं होतं. एवढं सांगून काका दात कोरत बसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

७, गुरुवार
त्याच फलकावर नवा निरोप: कान कुणी बंद केले? कुणीतरी थट्टा करतंय. तरी रागाच्या भरात उत्तर म्हणून फलकावर त्या दोघांची नावं टाकली. घे म्हटलं.

८, शुक्रवार
सुपरवायझर गेला. आपल्याच खोलीत, हीटर चालू असताना. पापण्यांवर बर्फ. दाराला कडी नव्हती, तरी खरवडून खरवडून बोटं सोललेली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. अद्दल घडली मेल्याला.

९, शनिवार
काकाही गेले. त्यांच्या बायकोचा हंबरडा कानातून जात नाही. आता बरं वाटत नाही. आणि निरोप थांबेनात. अजून कोण? जेवताना, आंघोळीला निघताना— अजून कोण? मी लिहिलं, अगं, संपले सगळे, शांत हो.
अजून कोण?

१०, रविवार
सकाळी ऑफिसात येऊन सबस्क्रिप्शन काढून टाकलं. एक बटण फक्त. फोन गप्प. हुश्श—
मग उमगलं. त्या दोघांनी केलं तेच मी—
पुन्हा सबस्क्राइब करतेय. सर्व्हर घेत नाही. घेतच नाही—

दुपार
खोलीचं दार उघडत नाही. बाहेर ऊन, इथे तोंडातून वाफ. फोन बंद. स्क्रीनवर माझ्या नावाचा फलक, नवाकोरा. लिहिलं, आत अडकलेय, आईला सांगा, कुणीतरी—
पडला निरोप. ग्राहक कुणी नाही.
बोटं वळत ना—
एक ग्राहक आला! देवा, ऐकलं कुणीतरी—
ती आहे. अगं, मी तुझ्या बाजूची, तुझ्यासाठीच नावं दिली ना, मी तर
तिने सबस्क्रिप्शन काढून टाकलं. आता ऐकायला को