परतीचं इंधन

सौ. सरकार,

सप्रेम नमस्कार, आणि तुझ्या दुखऱ्या गुडघ्याला वेगळा.

मी ठणठणीत आहे. जेवणखाण वेळेवर चाललंय. तू तेल लावून घेतेस ना, की सुनेला सांगायला अजून लाजतेस?

आमची कंपनी एका नव्या देशाला विमान सुरू करतेय. त्या देशावर एका बड्या राष्ट्राने निर्बंध घातलेत. त्या धाकाने तिथे आम्हाला कुणी इंधन विकत नाही, म्हणून परतीचंही इथूनच भरून न्यायचं. त्याची आखणी माझ्याकडे आहे. वजन फार होतंय, तेव्हा चाळीस खुर्च्या रिकाम्या ठेवा, असं मी सांगितलं. साहेब म्हणाले, "वीस पुरे." मी हटून बसलो.

कॅप्टनबाईंनी माझा कागद दोनदा वाचला. "काका, परतताना समोरून वारा असला तर पुरेल?"

"पुरेल."

"मग बसाल तुम्ही या विमानात?"

"बसेन की!" तोंडातून निघून गेलं. साहेब म्हणाले, "चला, एक खुर्ची तर भरली!"

आता मीच मागे सरलो, तर त्या पोरीने माझ्या आकड्यावर भरवसा का ठेवावा? पहिलं उड्डाण उद्या सकाळी आहे. आकडे पाचदा तपासलेत, चूक नाही. अक्षर हललेलं दिसेल. टेबल जरा डुगडुगतंय.

हे पत्र तुझ्या हाती पडेल तोवर मी परत आलेला असेन. फोनच करणार होतो. पण तू "नको" म्हणाली असतीस, आणि मी ऐकलं असतं.

तुझाच,
"अहो"