हाकेला ओ

१४ फेब्रुवारी
पोचलो! ब्रिस्टल सोडताना धो धो पाऊस, आणि इथे वेल्सच्या डोंगरात, स्नोडोनियात, चक्क ऊन. सुयश, माझा धाकटा भाऊ, कालच बर्मिंगहॅमहून माझ्याकडे आला होता. वाटभर त्यानं नवी लेन्स मांडीवरून खाली ठेवली नाही. ऑफिसात सगळे हसले, मृणालनं म्हणे शेळ्या बघायला ॲन्युअल लीव्ह काढली. पण या रानशेळ्या आहेत, कड्यावर राहणाऱ्या, आणि भर थंडीत वितात. कॉटेजच्या किचनमधूनच तो कडा दिसतो. मालकीणबाई ग्वेन सत्तरीच्या, खालच्या फार्मवर राहतात. त्यांनी केक दिला, सुयशनं त्यांना आईनं पाठवलेला चिवडा दिला. डोळ्यांत पाणी आलं तरी त्यांनी वाटी संपवली.

१५ फेब्रुवारी
पहिलं करडू दिसलं! काळं, अजून नाळ वाळायची होती. शेळी पिल्लाला दगडांच्या सांदीत लपवून चरायला जाते. परतली की घशातल्या घशात हाक देते, पिल्लू ओ देतं आणि धडपडत बाहेर येऊन कासेला ढुसण्या देतं. सुयश ओल्या गवतात पालथा पडून होता, अजिबात हलला नाही. मला फोटो दाखवताना त्याची बोटं गारठून वाकत नव्हती.
चहाच्या वेळी ग्वेन सांगत होत्या, कड्याच्या डाव्या अंगाला एक फट आहे. तिथून करडू ओरडलं तर जाऊ नका. कुठलीच शेळी त्या आवाजाला ओ देत नाही. सुयश मला मराठीत म्हणाला, यांच्याकडेही चकवा असतो वाटतं.

१७ फेब्रुवारी
दुपारी धुकं उतरलं. डावीकडून करडू ओरडायला लागलं, भुकेजल्यासारखं, थांबेचना. आमच्यासमोर कास तटतटलेली एक शेळी होती. तिनं आवाजाकडे पाठ फिरवली आणि थरथरत उभी राहिली.
"ताई, अडकलंय ते. आलोच मी," सुयश म्हणाला. कॅमेरा माझ्या हातात देऊन तो धुक्यात गेला.
करडू गप्प झालं. मी सुयशला हाका मारत राहिले. मग पोलिस आले, रेस्क्यू टीम आली, कुत्री आली. अंधारामुळे आता शोध थांबवलाय.

१८ फेब्रुवारी
सापडला. कड्याखाली. मान मोडली होती. डॉक्टर म्हणाल्या, पडताक्षणीच गेला असणार.
बॅंगॉरच्या हॉस्पिटलात मी ओळख पटवली. त्याच्या कानामागे चिखल होता, तो पुसला. पुण्याला फोन केला. आई म्हणाली, मी येतेय.

२० फेब्रुवारी
ग्वेन म्हणतात, फार्मवर राहायला चला. बॅगही भरली होती. तेवढ्यात फटीच्या बाजूनं हाक आली.
"ताई."
मी ओ दिली.

२३ फेब्रुवारी
दिवसभर बोलावतो. मी त्याला पाहिलंय, त्याच्या थंड कपाळाला हात लावलाय. तरी ओ देते. गप्प राहिले की त्याचा आवाज रडवेला होतो. अडकलोय म्हणतो.
फटीच्या तोंडाशी जाऊन आले. हात जाईल एवढीच जागा. आतून कोमट वारा येतो — दुधाचा वास —
माझा घसा बसलाय.

२७ फेब्रुवारी
आईला तातडीचा व्हिसा मिळाला. येऊ नकोस म्हणायला फोन केला. माझा आवाज तिला ऐकूच जाईना. मेसेज टाकला. तिचं उत्तर — तो पडला ती जागा बघितल्याशिवाय राहणार नाही.
आज त्यानं हाक मारली, मी रुमाल तोंडात कोंबला. तरी कुणीतरी ओ दिली. फटीतूनच. "आले रे, आले."
माझा आवाज होता तो.

१ मार्च
घशातून काहीच निघत नाही. श्वास फक्त. ग्वेनना लिहून दाखवलं — आईला आणू नका. त्या म्हणाल्या, ती स्टेशनवर उतरलीय, मी निघालेच. आई जवळ असली म्हणजे बरं वाटेल तुला —

१ मार्च, दुपार
आई आली. मला कुशीत घेऊन बसली होती. धुकं खिडकीपर्यंत —
हाक आली. "आई."
त्याची नाही. माझी.
आईचे हात सुटले. मी तिच्यासमोर आहे, तिचा पदर धरलाय, आणि ती कड्याकडे बघतेय. हे पान तिच्यापुढे धरलं — बघत नाही —
पदर सुटला. दार उघडलं तिनं. तोंड उघडतेय —
आई, ओ देऊ न