चुकलेला ठिपका

इंदिरानगर, नाशिक
मंगळवार, दिवाळीला आठ दिवस

प्रिय बेबीआत्या,

तुला जाऊन दीड वर्ष झालं आणि माझ्या वहीत तुझ्याबद्दल एक ओळ नाही. बाकी रोज लिहिते. कॉलेज, भाजी, दुखरा गुडघा. तुझ्यापाशी आलं की पेन थांबतं. माफ कर गं.

आज लिहावंच लागतंय. गॅमा किरणांच्या स्फोटांवरच्या माझ्या पुस्तिकेची प्रुफं समोर आहेत, उद्या परत पाठवायची. पान बारा, ओळ सहा: 'हे उदाहरण मला सहज सुचलं.'

खोटं आहे ते. उदाहरण तुझं आहे.

आठवतं? पंचवटीत तुझ्या दारात तू नुकतीच रांगोळी घालून उठली होतीस. हातात ठिपक्यांचा कागद, उदबत्तीनं एकेक भोक पाडून तूच केलेला.

"काय गं, तोंड का पाडलंयस?"

"काल वर्ग फसला. लांब कुठेतरी तारा कोसळतो आणि काही सेकंद भयंकर किरण येतात. ते भिंगानं गोळा होत नाहीत. म्हणून उपग्रहावरच्या दुर्बिणीला पुढे भोकांचा पत्रा लावतात. त्याची सावली कुठे पडली, त्यावरून दिशा काढायची. पोरांना कळेचना."

"पण दिशेची एवढी घाई कशाला?"

"मागे उरलेला उजेड विझायच्या आत बाकीच्या दुर्बिणी तिकडे वळवायच्या असतात."

"म्हणजे पंगत उठायच्या आत पोचायचं!"

आणि तू कागद उन्हात धरलास. फरशीवर उजेडाचे ठिपके पडले. तू कागद एक घर सरकवलास. "बघ, ठिपक्यावर ठिपका. सगळे सारखे, मग सरकला हे कळणार कसं?" मग एकदम हसलीस. "हां, हा द्वाड बघ! इथं उदबत्ती जास्त टेकली होती. हा कुठं गेला, ते बघायचं."

त्या पत्र्यावरची भोकं मुद्दाम वेडीवाकडी का ठेवतात, हे मी पंधरा वर्षं फळ्यावर लिहीत आले होते. कळलं मात्र त्या सकाळी. आणि मी काय म्हणाले? "चल, मला उशीर होतोय."

पुढे वाचनालयात माझं व्याख्यान झालं. तुझाच कागद मागून नेला होता मी. तू तिसऱ्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून. शेवटी एका गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, हे कागदाचं सुचलं कसं हो?"

"सहज," मी म्हणाले.

रिक्षात बसल्यावर तू एवढंच बोललीस, "छान झालं. तो ठिपका जरा वर धरायचास, मागच्यांना दिसला नसेल."

आत्या, एकदा तरी टोचून बोलायचंस ना! रागावली असतीस तर मी तिथेच सुटले असते.

का म्हणाले मी 'सहज'? वेळ कमी होता, असं बरेच दिवस स्वतःला सांगितलं. तसं नव्हतं. सातवी शिकलेल्या आत्यानं मला माझाच विषय समजावला, हे त्या सभागृहात सांगायची मला लाज वाटली. वहीत तू आली नाहीस ती याचमुळे. आणि आता तेच छापून जाऊ देऊ?

दुपारी छापखान्यात फोन केला. तिथले म्हणाले, "ओळ बदला, मॅडम, पण तेवढ्याच जागेत बसवा. नाहीतर पुढची पानं हलतील."

तुझं पूर्ण नाव लिहून पाहिलं. सासरचं नाव, काकांचं नाव, आडनाव. दीड ओळ होते. आणि त्या नावानं तुला कधी कुणी हाक तरी मारली का?

पुन्हा फोन करून त्यांना नवी ओळ वाचून दाखवली. "पण मॅडम, विज्ञानाच्या पुस्तकात बेबी?"

"हो," मी म्हणाले. "बेबी."

तुझा कागद माझ्याकडेच आहे, परत द्यायचा राहिलेला. यापुढे जिथे तो उन्हात धरीन, तिथे आधी तुझं नाव घेईन. आणि ठिपका वर धरीन, मागच्यांना दिसेल असा.

तुझी
नीलू

उद्या सकाळी छापखान्यात पाठवणे: पान बारा, ओळ सहा. 'हे उदाहरण माझ्या बेबीआत्याचं.'