एकेचाळीस न गेलेल्या नोंदी

५ मार्च

चि. ठकीस अ. उ. आ.

त्या सकाळी मी पुढच्या खोलीतली, ह्यांच्या कवळ्यांच्या दुकानातली प्लास्टरची धूळ झाडली, मेणाची भांडी गरम पाण्यात टाकली, ह्यांच्या गोळ्या वाटीत काढल्या, दूध तापत ठेवलं आणि ते वर यायच्या आत कॉम्प्युटरपाशी जाऊन एका नावासमोरची टिक काढून टाकली. एवढंच केलं. दूध उतू गेलं नाही.

फोनवर माझा आवाज आला की तू ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. फाडायचं तर वाचून फाड.

कॉम्प्युटरला नेट ह्यांच्या मोबाइलवरून मिळायचं आणि महिन्याचा डेटा वीस तारखेलाच आटायचा, हे तुला माहीत आहे. कुठलं ॲप किती डेटा खातं याची यादी असते. नावासमोर टिक असली तर त्याला नेट, नसली तर नाही. हे मी पुस्तकात वाचून शिकले. घराला आता पहारेकरीण मिळाली म्हणून तुम्ही बापलेक माझ्यावर हसला होतात.

ह्यांना फोनवर नीट ऐकू यायचं नाही म्हणून काढलेली तुम्हा दोघांची वही, म्हणजे ते नोंदींचं ॲप, तू त्यात तुझ्या कवळ्यांचे फोटो टाकायचीस आणि हे चुका काढायचे, ती वही फार डेटा खात नव्हती. खोटं कशाला बोलू? बाबांचा हात थरथरतो, आता दुकान बंद करावं, असं तू लिहिलंस आणि हे दोन दिवस जेवले नाहीत. मनाला त्रास होता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून मी वहीसमोरची टिक काढली. शिवाय तुम्ही दोघं त्या पडद्याशी खिदळायचात आणि मी मागे चहा घेऊन उभी. तेही एक कारण होतंच. वही चालू राहिली, ह्यांचं लिहिणं चालू राहिलं. फक्त इकडचं तिकडे जाणं आणि तिकडचं इकडे येणं थांबलं.

ह्यांना जाऊन दोन महिने झाले. परवा मी वही उघडली. न गेलेल्या एकेचाळीस नोंदी आहेत. मला वाचायला वेळ लागतो, रोज एक-दोनच होतात. दुसरी अशी आहे: 'ठकीचं आजही काही नाही. दाढेची उंची कमी कर, हे सांगायचं राहिलं.'

लोभ असू दे असं मागायला तोंड नाही. पत्राला उत्तर तेवढं दे.

तुझी आई

११ मार्च

आईस,

नमस्कार लिहायला हात वळत नाही.

त्या दिवसांत मी एकोणीस वेळा लिहिलं. शेवटचं होतं, 'येऊ का?' आठ दिवस वाट पाहिली आणि ती वही माझ्या बाजूने कायमची पुसून टाकली. बाबा गेल्याचा तुझा फोन आला तेव्हा म्हणूनच आले नाही. ज्यांना जिवंतपणी नको होते, त्यांना मेल्यावर काय तोंड दाखवायचं? आता तू सांगतेस की मध्ये तू उभी होतीस.

इथे लॅबमध्ये रोज चाळीस जबडे माझ्या हातातून जातात. एकही बोलत नाही, तरी तुझ्यापेक्षा खरे.

औषधांच्या खोक्यांवरून तू अक्षरं जुळवायला शिकलीस तेव्हा मी मैत्रिणींना कौतुकाने सांगायचे. वाचता येत नव्हतं तेव्हाच बरी होतीस. माकडाच्या हाती कोलीत.

टिक परत लाव. बाबांचं लिहिणं माझ्याकडे येऊ दे. हाताने उतरवून पाठवू नकोस, तू गाळशील. ते माझी वाट बघत होते, एवढ्यावर मी सध्या उभी आहे. तेवढं तरी माझं मला मिळू दे.

तुझा लोभ तुझ्यापाशीच ठेव.

ठकी

१६ मार्च

चि. ठकीस अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. वाचता येतं म्हणून वाचलं.

टिक लावायला निघाले होते, पण आधी ॲपचं मदतीचं पान बघितलं. तू तिकडे वही पुसलीस. इथे नेट लागलं की ते पुसणंही इकडे येईल आणि ह्यांच्या नोंदी त्यासकट जातील. सबब सांगते आहे असं तुला वाटेल, म्हणून ते पान सोबत छापून जोडते. वहीची फाइल पेनड्राइव्हवर काढून घेतली आहे. सगळ्या नोंदी वाचून झाल्या की पाठवते. ह्यांचं लिहिणं एकदा मलाही वाचू दे. आठ दिवस कळ काढ.

जेवत जा. माझ्यावरचा राग अन्नावर काढू नकोस.

तुझी आई

२१ मार्च

आईस,

पान मिळालं. या वेळी खरं बोललीस, नोंद करून ठेवते.

पेनड्राइव्ह लगेच पाठव. एकेचाळीस म्हणाली आहेस, एकेचाळीसच हव्यात. प्रत्येकीवर तारीख असते हे विसरू नकोस. एक जरी कमी निघाली तर मला आई नाही.

ठकी

२ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझा खोकला उतरला का? आल्याचा रस घेतेस की नुसताच घेतला म्हणून सांगतेस? लहानपणापासून तू औषध कुंडीत ओतणारी.

ठकीने तुला फोन करून माझा उद्धार केला, आणि तरी मी गप्प का, असं तू विचारलंस. तुला एकटीला सांगते. वाचून झालं की हे पत्र जाळ.

चोवीस तारखेला मी तेहतिसावी नोंद वाचली. जशीच्या तशी लिहिते: 'हिने वहीचं नेट तोडलंय. टिक कुठे आहे मला ठाऊक आहे. लावत नाही. म्हणे दुकान बंद करा! वाट बघणं काय असतं ते कळू दे पोरीला.' उरलेल्या त्याच दिवशी वाचून काढल्या. चाळिसावीत आहे: 'आता नाक घासत येईल.' एकेचाळिसावीत: 'आणखी एक आठवडा. मग लावतो.' त्यानंतर चौथ्या दिवशी हे गेले.

ताई, त्या दिवसांत ह्यांच्यापुढे चहा ठेवून मी लगेच आत पळायचे. नेट कसं गं येत नाही, असं हे मला रोज विचारायचे आणि मी रोज नवं खोटं शोधायचे. माहीत असून विचारायचे. वर चहात साखर कमी म्हणायचे.

ही नोंद ठकीला दाखवली की माझं ओझं निम्मं होतं. दिवसभर मी त्याच विचारात होते. पण बाप आपली वाट बघत गेला, एवढ्यावर ती उभी आहे. तेवढी एक नोंद गाळावी, तर तिला तारखा मोजता येतात. मला ती आज ना उद्या सोडणारच होती. बापाला तरी कशाला सोडायला लावू?

तुझी माया आहे तशीच राहू दे, आता मागायला दुसरं दार नाही.

पंचवीस तारखेला सकाळी मी पुढची खोली झाडली, मेणाची भांडी गरम पाण्यात टाकली आणि दूध तापत ठेवलं. ह्यांच्या हातोडीने पेनड्राइव्ह फोडला. मग टिक लावली. दूध वर यायच्या आत वही रिकामी झाली. दुपारी ठकीला कार्ड टाकलं की फाइल माझ्याच्याने धड निघाली नव्हती आणि धांदरटपणाने सगळं पुसलं गेलं.

तुझी धाकटी