ओढ्याच्या पाण्याचे तीन पेले

चिरंजीव दुकामो यास,

थोरला भाऊ लामिसो याचे आशीर्वाद पोहोचावेत. तुझा गुडघा, तुझ्या पत्नीचा खोकला आणि हवासा शहरातील तुमच्या घराचे गळके छप्पर ही तिन्ही सुधारली असतील, अशी आशा करतो. माझी प्रकृती उत्तम आहे. (गेले तीन दिवस मी अंथरुणाला खिळून होतो, परंतु त्याचे कारण योग्य स्थळी येईल.)

आपल्या कॉफी धुलाई केंद्राचा मी अध्यक्ष आहे, हे तू विसरला नसशीलच. यंदा पीक भरघोस आले. लाल फळे सोलून धुतली की साली, चिकट गर आणि आंबलेले पाणी आपण ओढ्यात सोडतो, आणि ओढा ते खालच्या वाडीला नेऊन पोहोचवतो. खालच्या वाडीने तक्रार केली की गाई पाण्याला तोंड लावत नाहीत, मुलांच्या पायांना खाज सुटते, मासे उलटे तरंगतात. तेव्हा पुढल्या हंगामाआधी खोल खड्डे खणून हे पाणी त्यांतच मुरवावे, अशी त्यांची मागणी. मी भरसभेत उभा राहिलो आणि सांगितले, की वाहते पाणी स्वतःला स्वच्छ करते, असे चौथीच्या पुस्तकात छापले आहे. (पाचवीच्या पुस्तकात काय छापले आहे, हे मला ठाऊक असण्याचे कारण नाही.) आपल्या वरच्या वाडीने टाळ्या वाजवल्या. खालच्या वाडीतील गोबारोची विधवा दरारितू तेवढी उठली आणि तिने मला अत्यंत आदरपूर्वक कॉफीचे निमंत्रण दिले. विरोधक नमला, असे समजून मी नवी शाल पांघरून गेलो.

अंगणात निम्मी वाडी जमली होती. दरारितूने दाणे भाजले, कुटले, मडक्यात उकळले, लोणी आणि मीठ घातले आणि पेला माझ्या हाती देऊन म्हणाली, "घ्या काका. पाणी ओढ्याचंच आहे बरं का, तुमच्या पुस्तकातलं."

त्याच क्षणी परसामागच्या ओढ्यावरून सडक्या फळांचा भपकारा आला. उठून जावे, तर तिसऱ्या पेल्याआधी उठणारा माणूस त्या घराचा आशीर्वाद लाथाडतो. हा नियम गावात सर्वांत कडकपणे पाळायला लावणारा गृहस्थ कोण, हे तुला सांगायला नको. (गेल्याच महिन्यात एका सरकारी कारकुनाला मी दुसऱ्या पेल्यावर कोट धरून खाली बसवले होते.) पहिला पेला, अबोल, घशाखाली गेला आणि मी त्याच्या नावाप्रमाणे अबोल झालो. दुसऱ्या पेल्याला, तोनाला, तिने विचारले, "कशी झालीय?" मी "उत्तम" म्हणालो आणि पेला पुन्हा तोंडाला लावला.

"अगं बाई, काका कच्च्या फळासारखे हिरवे पडले की!" तिची सून म्हणाली.

"पिकतील," दरारितू म्हणाली. "अजून एक पेला आहे."

तिसरा, बरका, आशीर्वादाचा. तो हातात धरून ती म्हणाली, "काका, आमची पोरं हे रोज पितात. त्यांना दुसरा पेलाच नाही." चेष्टेचा सूर तिच्या बोलण्यात उरला नव्हता. मी म्हणालो, "खड्डे खणून देतो." सुटलो, असे वाटून मी उठू लागलो, तर ती म्हणाली, "बसा की! आशीर्वादाचा पेला प्यायल्याशिवाय शब्द पक्का कसा होईल?" तोही प्यालो. त्यानंतरचे तीन दिवस सभ्य पत्रात लिहिण्याजोगे नाहीत.

तुझा वडील भाऊ,
लामिसो

ता. क. काल दरारितू समाचाराला आली. हसून हसून तिला धाप लागली. कॉफी झऱ्याच्या पाण्याची होती. ते ती दीड तास चढून पाठीवर आणते. म्हणाली, "ओढ्याचं पाणी मी पाहुण्याला देईन होय? आमचं आम्हाला चुकत नाही, ते निराळं." म्हणजे तीन दिवस मी निर्मळ पाण्याने आजारी होतो. शब्द मात्र बरकावर दिला आहे. तो मागे घेता येत नाही, आणि खरे सांगायचे तर घ्यावासाही वाटत नाही.

दुसरा ता. क. खड्ड्यांसाठी केंद्राच्या खालची सपाट जागाच हवी, आणि ती तुझ्या हिश्श्यात येते. निवृत्तीनंतर तू घर बांधणार होतास, तीच. सोबत संमतीचा कागद आहे, सही करून पाठव. घाई करू नकोस. दोन खड्डे खणून झाले आहेत. काठाने वाळा लावू, म्हणजे वास कमी होईल. घर वाऱ्याच्या उलट दिशेला बांध.