लेनर्ड कॅटरॉलची खुर्ची

४ मार्च

आले एकदाची. फ्लीटवुडच्या या चिंचोळ्या गल्लीत दोन खोल्या खाली, दोन वर, आणि सगळ्याला मिळून एक दार, तेही माझं. चोपन्न वर्षांची झाले तेव्हा कुठे स्वतःचं दार नशिबी आलं. भाड्याचं का असेना. सकाळपासून काही काम नसताना बाहेर जाऊन येतेय, केवळ कुलूप उघडायची हौस म्हणून.

इतकी वर्षं प्रेस्टनला मिसेस डकवर्थच्या घरी राहून त्यांचं सगळं केलं. अंघोळ, चादरी, कवळी, शेवटी शेवटी तर विचारू नये ते. दुसऱ्याच्या घाणीचं मला वावडं नाही, पण आता पुरे. या घरात घाण झालीच तर ती गेनर पिलिंगची होईल, दुसऱ्या कुणाची नाही. आल्या आल्या सोड्याच्या गरम पाण्याने जमीन घासून काढली. खिडकीशी आईची हिरवी खुर्ची मांडली. कपाटात निळ्या रेघेचे पांढरे कप, वरच्या आरशापाशी हाडाच्या मुठीचा केसांचा ब्रश. एवढाच संसार, पण अख्खा माझा.

गल्लीतली माणसं मात्र तुसडी वाटली. शेजारी एडना स्वॉर्बिक म्हणून म्हाताऱ्या बाई आहेत. त्यांच्याकडे केक घेऊन गेले तर त्यांनी दार उघडलंच नाही. दाराला पत्रं टाकायची फट असते, तिच्यातून बोलल्या. म्हणाल्या, केक खिडकीच्या कट्ट्यावर ठेव पोरी, वाऱ्याचं दार उघडवत नाही. समोरच्या घरीही तोच प्रकार. जणू गल्लीत सगळ्यांना गोवर आलाय. मी मुद्दाम दार सताड उघडं टाकून पायरी धुतली. येऊ दे की कुणीतरी.

१० मार्च

लॉण्ड्रीत काम सुरू झालं. समुद्रावरच्या हॉटेलांच्या चादरी येतात. वाफेच्या इस्त्रीखालून कडक पांढरी चादर निघाली की मला अजूनही बरं वाटतं. मालकीण कॉनी फार बोलत नाही, पण वेळेवर चहा देते.

घरी रोज कुणा लेनर्ड कॅटरॉलच्या नावाने पाकिटं येतात, लाल अक्षरातली. आधीचा भाडेकरू असणार. बऱ्याच लोकांचं देणं बुडवून गेलेला दिसतो. मी रीतीप्रमाणे पाकिटावर ‘इथे राहत नाहीत’ असं लिहून ती परत टपालपेटीत टाकते. बिचारा कुठे असेल कोण जाणे.

१४ मार्च

आज एक माणूस येऊन गेला आणि अजून मला हात धुवावेसे वाटताहेत.

दुपारी घरी आले तेव्हा तिरपा पाऊस लागला होता. पायरीवर गळ्यात ओळखपत्र लटकवलेला एक गुबगुबीत मनुष्य उभा. नाव पर्किस. वसुलीचा माणूस. लेनर्ड कॅटरॉल आहेत का म्हणाला. मी म्हटलं, ते गेले, आता मी राहते. हो हो, अशा चुका होतात, म्हणाला, एवढी एक सही द्या, प्रकरण मिटवतो, पण कागद भिजतोय. नाकाच्या शेंड्यावरून पाणी गळतंय आणि तो माझ्या खांद्यावरून किटलीकडे बघतोय. अशा वेळी कोण काय करील? मी म्हटलं, आत या, चहा घ्या. पावसात माणूस उभा ठेवला असता तर आईने थडग्यातून उठून मला फटकावलं असतं.

पाय न पुसता आला. थेट आईच्या खुर्चीत बसला. बिस्कीट चहात बुडवलं ते तुटून पडलं, तर दोन बोटं कपात घालून त्याने लगदा बाहेर काढला आणि चोखला. मग अंगठा जिभेवर ओढून वहीचं पान उलटलं. तोच ओला अंगठा खुर्चीच्या हातावर दाबला आणि म्हणाला, लेनर्डची खुर्ची. मी हसले. मला वाटलं थट्टा करतोय. मग कपावर अंगठा. लेनर्डचा कप. न विचारता जिना चढून वर गेला आणि माझ्या ब्रशवर अंगठा. लेनर्डचा ब्रश. पुरुषाच्या थुंकीचा वास माझ्या निजायच्या खोलीत.

मी भाड्याचा करार दाखवला, माझी ओळखपत्रं दाखवली. तो म्हणाला, कागद काय बाई, सगळ्यांकडेच असतात. लेनर्डच्या पत्त्यावर सापडेल ते लेनर्डचं धरायचं, नाही हे तुम्ही सिद्ध करायचं. खुर्चीची पावती आहे? आईच्या खुर्चीची पावती कोण ठेवतं. जाताना त्याने आभार मानले, चहा झकास होता म्हणाला. इकडे तर लोक दारसुद्धा उघडत नाहीत.

१५ मार्च

एडनाबाईंना फटीतून सांगितलं. आतून म्हणाल्या, ‘चहा पाजलास? बिस्किटंही दिली असशील, शहाणे.’

या वसुलीवाल्यांचं असं आहे म्हणे की पहिल्यांदा तुम्ही आत घेतल्याशिवाय त्यांना उंबरा ओलांडता येत नाही. म्हणून गल्लीत कुणी दार उघडत नाही. पण एकदा का आपणहून आत घेतलं, की मग कुलूप तोडूनही येता येतं, कायद्यानेच. दुधाच्या दातांबरोबर आमची पोरं हे शिकतात, म्हणाल्या, आणि तू एवढी घोडी झालीस तरी. प्रेस्टनला माझं आयुष्य दुसऱ्याच्या दारामागे गेलं, मला कोण शिकवणार होतं.

हा लेनर्ड कसा होता, विचारलं. त्या म्हणाल्या, ओंगळ. दाढीत अंडं, नखं पिवळी, बारा महिने खोकत असायचा. गेल्या हिवाळ्यात वसुलीवाल्यांची गाडी आली आणि त्याला घेऊन गेली. पण देणं काही फिटलं नाही वाटतं. त्याच्या आधी इथे मिस हेस्केथ म्हणून शिक्षिका राहायची. रोज खिडक्या पुसायची, तुझ्यासारखी. तिनेही एकाला चहा पाजला. नंतर ती कुणाला दिसली नाही, लेनर्डच दिसायचा.

म्हातारपणी लोक काहीही जोडून सांगतात. उद्या वसुलीवाल्यांच्या कचेरीत फोन करीन.

१९ मार्च

फोन केला. मुलगी गोड बोलली. माझं नाव, जन्मतारीख, सगळं लिहून घेतलं. लेनर्ड कॅटरॉलला मी जन्मात पाहिलेलं नाही हेही लिहून घेतलं. नोंद केली म्हणाली. आणि फोन ठेवताना म्हणाली, आणखी काही मदत हवी का, मिस्टर कॅटरॉल?

आईच्या खुर्चीच्या पाठीवर, डोकं टेकतं तिथे, तेलकट काळा डाग पडलाय. काल नव्हता. त्यात एक पांढरा राठ केस चिकटलेला. सोडा लावला, व्हिनेगर लावलं, लॉण्ड्रीतलं डाग काढायचं औषध लावलं. डाग जात नाही, उलट ओला होतो. हाताला वास येतो, शिळ्या अंड्याचा आणि तंबाखूचा.

माझ्या घरी कुणी तंबाखू ओढत नाही.

२३ मार्च

कपाच्या कडेला तपकिरी ओठाचा ठसा. उकळून काढला. पुसून पालथा घातला. तासाने पुन्हा ठसा, आणि तळाशी बिस्किटाचा लगदा.

ब्रशमध्ये कोंडा. चिमटीने उचलावा इतका. माझे केस नाहीत ते. ब्रश बागेत टाकून आले. वर गेले तर आरशापाशीच.

साबणाच्या वडीवर कापलेली नखं. पिवळी, जाड, वाकडी. मला भडभडून ओकारी झाली. इतकी वर्षं म्हातारीची भांडी उपसली तेव्हा कधी झाली नाही.

घर सोडून जायचा विचार आला. पण मी का जाऊ? मी काय केलंय? आयुष्यात एक दार मिळालं माझं. चूक त्यांची, घाण त्यांची, आणि बाहेर पडायचं मी?

२७ मार्च

लॉण्ड्रीतून आले तर तो आत.

कुलूप शाबूत, पर्किस खुर्चीत. किटली त्यानेच चढवलेली. बसा ना, मला म्हणाला, माझ्या घरात. मी बाहेर व्हा म्हटलं, चुलीशेजारचा चिमटा उचलला. तो नुसता डागाकडे बघून मान डोलवत होता, पीक चांगलं आल्यासारखा. मी पुन्हा सांगितलं, हे लेनर्डचं नाही, इथे लेनर्ड नाही, मी गेनर पिलिंग. तो म्हणाला, सगळे असंच म्हणतात. मिस हेस्केथसुद्धा फार तोऱ्यात म्हणायच्या. कसंय बाई, देणं आहे म्हटल्यावर देणेकरी नको का? त्याशिवाय वसूल कुणाकडून करायचं?

मग त्याने जिभेवर अंगठा ओढला. मला वाटलं पान उलटेल. त्याने माझं मनगट धरलं आणि दाबला.

हेही लिहून घेतो, म्हणाला. शुक्रवारी गाडी घेऊन येतो.

२८ मार्च

मनगट धुतलं. घासणीने घासलं, रक्त येईतो. अंगठ्याची खूण आहे तिथेच. ओली.

या हाताची नखं पिवळी पडलीत. वास येतो. जेवताना हा हात पाठीमागे बांधून डाव्या हाताने जेवले. माझाच हात तोंडाजवळ येऊ नये म्हणून.

दुपारी कामावर गेले. कॉनीने दारातच अडवलं. म्हणाली, आजोबा, इथे फक्त हॉटेलचे कपडे घेतो. मी म्हटलं, कॉनी, अगं मी. तिने नाकाला रुमाल लावला. इतक्या सभ्यपणे लावला की—

पोलिसांकडे गेले. ते म्हणाले, हे वसुलीचं प्रकरण आहे, त्यांच्याशीच बोला, मिस्टर—

पुढचं ऐकायला थांबले नाही.

२८, संध्याकाळ

एडनाबाईंच्या फटीशी गुडघ्यावर बसले. म्हटलं, मी गेनर, केक आणला होता, आठवतं? फट उघडली, लगेच मिटली. आतून म्हणाल्या, ‘परत आलास होय रे मेल्या? त्या पोरीचं काय केलंस?’

मग रडल्याचा आवाज आला. माझ्यासाठीच रडत होत्या. मी दोन हातांच्या अंतरावर बाहेर, आणि त्या माझ्यासाठी आत.

खोकला सुरू झालाय.

२९ मार्च

गाडी आली. दाराला खुर्ची लावलीय. ती तेलकट खुर्ची. शी. तिच्यात बसावंसं वाटतं. बसलं की बरं वाटतं, डोकं डागात बरोबर बसतं—

नाही. उठलो. उठले.

आरसा भिंतीकडे वळवलाय. हनुवटीला हात लावत नाही. लावला तर काहीतरी चिकट, वाळलेलं—

नाव लिहून ठेवते. गेनर पिलिंग. आईचं नाव ऑड्री. खुर्ची आईची. कप माझे. गेनर पिलिंग. गेनर पि—

दार वाजतंय. पर्किस गोड आवाजात म्हणतोय, तुम्ही लेनर्ड नसाल तर तसं मोठ्याने सांगा बाई, आम्ही चाललो, आमचं काही भांडण नाही. एवढंच हवंय त्याला. एक वाक्य. फटीशी आले. सगळी गल्ली आपापल्या फटींतून ऐकतेय. एडनाबाईही. सगळा जीव गोळा केला आणि म्हटलं, मी लेनर्ड नाही.

बाहेर पर्किस आणि त्याची माणसं हसली. एडनाबाई किंचाळल्या. कारण माझ्या तोंडून जो आवाज आला तो—