यशोदाबाईंच्या बट्ट्या आणि माझा गोळा

ती. इंदूआत्यास,

मयुरीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग नीट घालता येतो, पोट आड येत नाही, हे आधीच कळवते.) तुमचे गुडघे कसे आहेत? धुळ्याला थंडी पडली का? इकडे जळगावात सगळे मजेत आहेत आणि पोटभर जेवतायत, मी सोडून. आईने माझा मोबाईल कपाटात बंद केलाय, कारण मी त्यात पुरणपोळीचे व्हिडिओ बघते. म्हणून हे पत्र. आबा लेकीला भेटायला म्हणून तुमच्याकडे निघालेत, त्यांच्या पिशवीत भरताच्या वांग्यांखाली सारलंय. डाग पडला असेल तर वांग्याचा आहे, मी रडलेबिडले नाही.

हे सगळं कुठून सुरू झालं ते तुम्हाला सांगायला नको, कारण ते तुमच्यापासूनच सुरू झालं. एरंडोलच्या लग्नात जिलबीची प्लेट हातात धरून (तुमच्या हातात, माझ्या नव्हे) चाळीस बायकांसमोर तुम्ही पप्पांना म्हणालात, "योगराज, पोरगी फार सुटली रे." झालं! पंधरा वर्षांची मी, एकाहत्तर किलोची, दुसऱ्या दिवसापासून घरातला आजारी माणूस झाले. तूप बंद, बटाटा बंद, सकाळी कोमट पाण्यात लिंबू. ज्या काकूंना जिना चढताना धाप लागते त्या मला दोरीवरच्या उड्या शिकवायला यायच्या. पहाटे पाचला पप्पा मला शाळेच्या मैदानावर सोडायचे आणि स्वतः टपरीवर चहा-पोहे खात माझ्या फेऱ्या मोजायचे. त्यांचं पोट तुम्ही पाहिलंय. त्याला कोणी सुटलं म्हणत नाही, त्याला म्हणे खातंपितं घर म्हणतात.

तरी त्या मैदानाचे उपकार मानते. फेऱ्यांचा कंटाळा आला म्हणून एकदा कोपऱ्यात पडलेला तीन किलोचा गोळा उचलून फेकला. आमचे खेळाचे चुडामण सर तोंडातला ब्रश तसाच ठेवून धावत आले आणि म्हणाले, परत फेक. तेव्हापासून रोज फेकतेय. आत्या, खरं सांगते, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अंगाचा मला अभिमान वाटला. जिल्ह्यात पहिली आले, नऊ मीटर ऐंशी. तुम्हाला कळवलं नसेल कोणी, कारण घरी फक्त किलो कळवतात, मीटर नाही.

मग आईला कुठूनसं कळलं की एका कॉलेजच्या मॅडम माझ्यासारख्या (म्हणजे तुमच्या भाषेत सुटलेल्या) बारा मुलींवर संशोधन करतायत. व्यायाम केला की भूक वाढते की कमी होते, हा विषय. एक दिवस पाऊण तास नुसतं बसवायचं, दुसऱ्या दिवशी पाऊण तास मशीनच्या फिरत्या पट्ट्यावर पळवायचं. तोंडाला मास्क लावून श्वासावरून चयापचय मोजायचं आणि मग भूक किती लागली ते शून्य ते दहामध्ये लिहायचं. पळाल्यावर मी दोन लिहिलं, कारण खरंच अन्न नकोसं झालं होतं. इतर मुलींनीही तसंच लिहिलं. त्यानंतर जेवायला बसवायचे. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी, हवं तेवढं खा, भांड्यातून किती गेलं आणि ताटात किती उरलं ते नंतर तोलणार. आपण बघितलं तर पोरी लाजतील म्हणून मॅडम शेजारच्या खोलीत बसायच्या. फार हुशार बाई.

आणि वाढायला कोण, तर कॉलेजच्या मेसच्या यशोदाबाई! धोतरजोडा देऊन पाहुणा जेवायला बसवावा तशा त्या आम्हाला वाढायच्या. बसायच्या दिवशी त्या गप्प, कारण नुसत्या बसलेल्या पोरींना कसली भूक. पण पळायच्या दिवशी आमची लाल तोंडं बघून त्यांना गहिवर यायचा. "बठ्ठं खाई ले वं माय, इतलामा काय व्हस?" म्हणत सगळं संपवायला लावायच्या आणि बट्टीवर बट्टी, वर तुपाची धार. हात आडवा धरला तर बोटांवर तूप. आणि ताटात टाकायची कोणाची हिंमत? बाराच्या बारा ताटं पुसून परत गेली. मॅडमनी ती आणि भांडी तोलली आणि पालकांच्या बैठकीत पडद्यावर आलेख दाखवला: व्यायामानंतर मुली जवळपास दुप्पट जेवल्या. मी उठून म्हटलं, मॅडम, तो आकडा यशोदाबाईंचा आहे. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, बाळा, आकडे खोटं बोलत नाहीत. आकडे कशाला बोलतील, तुपाने तोंड भरलेलं त्यांचं.

आईने घरी येऊन जाहीर केलं की व्यायामाने भूक दुप्पट होते, सबब व्यायाम बंद, गोळा बंद. पप्पांना विचारलं तर म्हणतात आईला विचार. आई म्हणते, तुझ्या आत्या काय म्हणाल्या होत्या आठवतंय ना. बाकी सर्व ठीक. आतोबांना नमस्कार सांगा.

तुमची सुटलेली भाची,
मयुरी

ता. क. नाशिकच्या विभागीय स्पर्धेच्या फॉर्मवर पप्पांची सही शनिवारपर्यंत हवीय. तुमचा फोन आला की ते अजून खुर्चीतून उठून उभे राहतात. लग्नात एक वाक्य बोललात, आता दुसरं बोला.

आणखी ता. क. खोटं नको. एक जादा बट्टी मी स्वतः मागून घेतली होती. पण ती नुसतं बसायच्या दिवशी. बसून बसून कंटाळा आला की मला भूक लागते.

शेवटचं ता. क. आत्ता पिशवी भरताना आबांना विचारलं, माझ्या वयात आत्याचं वजन किती होतं? आबा म्हणाले, "कोणी मोजलं नाही गं. केळीचे दोन-दोन घड एकटी उचलायची, तेवढंच सगळे सांगत फिरायचे." आबा समोरच बसले असतील, विचारा. आणि मग फोन लावा.